घरी व्हिस्की टेस्टिंग करायचंय? आधी बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा

दोस्तांच्या घरच्या बैठकीचा कार्यक्रम ठरलेला असतो. ग्लासात बर्फ, वरून सोडा, बाजूला मसाला शेंगदाणे. तिसऱ्या पेगनंतर आपण नेमका कुठला ब्रँड पितोय, हेही कुणाला आठवत नाही.

टेस्टिंग म्हणजे याच्या बरोबर उलटं. तीन-चार वेगवेगळ्या व्हिस्की शेजारी शेजारी ठेवायच्या, थोड्या थोड्या घ्यायच्या आणि त्यांच्यात फरक काय ते शोधायचं. एकटी चाखली तर कुठलीही व्हिस्की "छान आहे" वाटते. दुसरी शेजारी आली की मग पहिली गोड होती की कडू, ते कळायला लागतं.

किती घ्यायची?

एका व्हिस्कीची १५ मिली. म्हणजे स्मॉल पेगच्याही निम्मी. चार प्रकार चाखले तर माणशी ६० मिली, म्हणजे एक लार्ज पेग. अख्ख्या संध्याकाळचा हिशोब एवढाच.

सहा जण असाल तर एका ब्रँडची ९० मिली लागते. म्हणजे आपली नाइन्टी! चार खंबे आणायची गरज नाही. ज्या ब्रँडची नाइन्टी किंवा क्वार्टर मिळते ती आणा, आणि महागड्या बाटलीसाठी सगळ्यांनी वर्गणी काढा. हा खेळ वाटतो तेवढा खर्चिक नाही.

चार बाटल्या कुठल्या?

इथे थोडं लेबल वाचावं लागतं.

पहिली, आपल्याकडची साधी ब्लेंडेड व्हिस्की. स्वस्त भारतीय ब्रँडमध्ये मोठा भाग न्यूट्रल स्पिरिटचा असतो. ते साखर कारखान्यातून निघणाऱ्या मळीपासून किंवा धान्यापासून बनतं, आणि त्यात थोडं माल्ट मिसळलेलं असतं. युरोपियन युनियनच्या नियमानुसार व्हिस्की फक्त धान्यापासूनच बनते, त्यामुळे मळीच्या स्पिरिटला तिथे व्हिस्की हे नाव लावता येत नाही.

दुसरी, ब्लेंडेड स्कॉच. स्कॉच म्हणवून घ्यायचं तर स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरावं लागतं. लेबलवर १२ वर्षं लिहिलं असेल तर तो आकडा मिश्रणातल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचा असतो. सरासरी नव्हे.

तिसरी, भारतीय सिंगल माल्ट. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्ट केलेल्या बार्लीपासून बनवलेली. बंगळुरूच्या अमृतने आपली सिंगल माल्ट २००४ मध्ये थेट ग्लासगोत नेऊन विकायला काढली. गोव्यात कुंकळ्ळीला बनणारी पॉल जॉन २०१२ मध्ये आधी ब्रिटनमध्ये आली.

या बाटल्यांवर वयाचा आकडा बहुतेक वेळा नसतो. कारण आपलं हवामान. पिंपात मुरताना दरवर्षी थोडी व्हिस्की उडून जाते, त्याला "देवदूतांचा वाटा" म्हणतात. स्कॉटलंडमध्ये हा वाटा वर्षाला साधारण २ टक्के, तर बंगळुरूत १० टक्क्यांच्या आसपास. आपले देवदूत जरा जास्तच तहानलेले. पण याच उकाड्यामुळे लाकडाचा अर्कही लवकर उतरतो. त्यामुळे इथली काही वर्षांची व्हिस्की चवीला बरीच वयस्क लागते. वयाचा आकडा बघून भारतीय आणि स्कॉच माल्टची तुलना करण्यात म्हणूनच अर्थ नाही.

चौथी, धुरकट व्हिस्की. बार्ली वाळवताना पीट नावाची दलदलीतली माती जाळतात, त्याचा धूर दाण्यात बसतो. स्कॉटलंडचं आयला बेट यासाठी प्रसिद्ध आहे. ही नेहमी शेवटी घ्यायची. आधी घेतली तर पुढच्या तिन्ही फक्त धुरासारख्या लागतील.

आता ते वर्तमानपत्र

बाटल्या टेबलावर उघड्या ठेवल्या की खेळ तिथेच संपला. महागडी कुठली हे सगळ्यांना दिसतं आणि प्रत्येकाला तीच आवडते.

हे नुसतं म्हणणं नाही. कॅल्टेक आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना तीच वाइन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून चाखायला दिली. ९० डॉलरवाली जास्त आवडल्याचं लोकांनी सांगितलं. गंमत म्हणजे मेंदूच्या स्कॅनमध्येही सुखाशी संबंधित भाग तेव्हा जास्त सक्रिय दिसला. म्हणजे ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच जास्त आवडली होती.

म्हणून एकाने बाटल्या कागदात गुंडाळायच्या आणि त्याने खोलीबाहेर जायचं. दुसऱ्याने त्यांची जागा बदलून वर आकडे टाकायचे. आता दोघांनाही पूर्ण माहिती नाही. धुरकट बाटली मात्र वास घेऊन ओळखा आणि तिला शेवटचा नंबर द्या.

रंगावरही जाऊ नका. गडद म्हणजे जुनी, हा समज पक्का रुजलाय, पण स्कॉचमध्येसुद्धा कॅरॅमलचा रंग घालायला परवानगी आहे.

चाखायची कशी?

खोलीत अगरबत्ती नको, स्वयंपाकघरात फोडणी नको, कुणी अत्तर मारून आलं असेल तर त्याला खिडकीजवळ बसवा. चव म्हणून आपण जे सांगतो त्यातलं बरंचसं काम नाक करत असतं. चकणा नंतर. तिखट शेव खाल्लेल्या जिभेला बारीक फरक समजत नाही. मधे तोंड साफ करायला साधा पाव आणि पाणी पुरे. पण रिकाम्या पोटी बसू नका, आधी जेवून घ्या.

ग्लास तोंडाशी निमुळता हवा, म्हणजे वास आत साठतो. खास ग्लास नसेल तर छोटा वाइन ग्लास चालतो. नाक आत खुपसून जोरात श्वास घेऊ नका, नुसतं अल्कोहोल झोंबेल. तोंड किंचित उघडं ठेवून हळू वास घ्यायचा. मग छोटा घोट, जिभेवर फिरवायचा, गिळायचा आणि मागे काय उरतं ते बघायचं.

यानंतर थेंब थेंब पाणी. पाणी घातलं की व्हिस्की "खराब" होते असं मानणाऱ्यांसाठी एक माहिती: २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावर गणित मांडून दाखवलं, की पाण्याचं प्रमाण वाढलं की धुरकट वास देणारा ग्वायाकॉल हा रेणू पृष्ठभागाकडे सरकतो. म्हणजे नाकाजवळ येतो. बर्फ मात्र आज नको. थंडीने वास दबतो.

वासाला नाव काय द्यायचं?

इथे बहुतेक जण अडकतात. परदेशी वर्णनांत हेदरची फुलं आणि टॉफी असते. हेदर आपण पाहिलेलंसुद्धा नाही. मग कशाला ती नावं घोकायची? गूळ, चिक्की, मनुका, सुकं खोबरं, जायफळ, नवीन फर्निचर, विझलेली चूल, होळीची राख, जे आठवेल ते लिहा. आयलाच्या काही व्हिस्कींना चक्क टिंक्चर आयोडिनचा वास येतो, आणि तसं म्हणणं हे तिथे कौतुक समजतात. प्रत्येकाने आधी कागदावर लिहायचं, मग वाचून दाखवायचं. नाहीतर पहिला जे बोलेल तेच सगळ्यांना जाणवायला लागतं.

न पिणाऱ्या मित्रालाही यात जागा आहे. ब्लेंडिंग करणारे व्यावसायिकसुद्धा बरंचसं काम नाकानेच करतात. त्याला वास घेऊ द्या, घोटाचा आग्रह करू नका. चाखून थुंकायला एक रिकामा कपही ठेवा.

कायद्याचं काय?

महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी किमान वय २५ आहे, बिअर आणि वाइनसाठी २१. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार घरी प्यायलाही परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा आणि आजीवन असे प्रकार आहेत. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे.

गाडीचं गणित जास्त महत्त्वाचं. ६० मिली व्हिस्कीत साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. गाडी चालवण्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, आणि ती एवढ्यानेही ओलांडली जाऊ शकते. पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. त्यामुळे "फक्त चाखली" म्हणून किल्ली हातात घेऊ नका, रिक्षा किंवा कॅब बघा. अल्कोहोलची कुठलीही पातळी आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलंय. गरोदर असाल किंवा औषधं चालू असतील तर घोट नकोच.

सगळ्यांचे कागद वाचून झाले की मगच वर्तमानपत्र काढा. उरलेली व्हिस्की बूच घट्ट लावून, बाटली उभी ठेवून, उन्हापासून लांब ठेवायची. अर्ध्याहून जास्त रिकामी बाटली काही महिन्यांत संपवलेली बरी, आतल्या हवेने वास उतरत जातो. न फोडलेली १२ वर्षांची बाटली कपाटात आणखी २० वर्षं ठेवली, तरी ती १२ वर्षांचीच राहते. व्हिस्की मुरते ती पिंपात, काचेत नाही.