लाल गहू आणि मराठी पुस्तके

यंदा आमच्या कन्येने कॉलेजात दक्षिण आशियाचा अभ्यास हा विषय घेतला. माझ्यातला इंजिनिअर लगेच बोलला, "घरात आजी आहे की! त्यासाठी एवढी फी कशाला?" तिने वाचनाची यादी पुढे ठेवली. त्यातली महाराष्ट्राविषयी लिहिणाऱ्यांची निम्मी नावे मला ठाऊक नव्हती. मग मीच या विषयाचा इतिहास वाचायला घेतला.

अमेरिकेत या अभ्यासाचा पहिला स्वतंत्र विभाग १९४८ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात संस्कृतचे प्राध्यापक डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांनी उभा केला. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिका खडबडून जागी झाली. १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने विज्ञानाबरोबर परदेशी भाषांच्या अभ्यासालाही पैसा मिळाला.

दुसरा पैसा गव्हाचा. ज्येष्ठ वाचकांना रेशनचा अमेरिकन लाल गहू आठवत असेल. १९५४ च्या पी. एल. ४८० कायद्याखाली आलेल्या त्या धान्याची किंमत भारत रुपयांत चुकवी. त्यातल्या काही रुपयांतून १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसने भारतात पुस्तके विकत घेतली आणि इथल्या विद्यापीठांना पाठवली. त्यांत मराठीही होती.

हेतू शीतयुद्धाचा होता, फळ मात्र निराळे आले. एलिनॉर झेलियट यांनी १९६९ साली पेनसिल्व्हेनियात डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ या विषयावर पीएच.डी. केली व पुढे मिनेसोटातील कार्लटन कॉलेजात १९९७ पर्यंत इतिहास शिकवला. त्याच कॉलेजात शिकलेल्या गेल ऑम्व्हेट यांनी १९७३ मध्ये बर्कलीत ब्राह्मणेतर चळवळीवर डॉक्टरेट मिळवली. नंतर त्या सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात स्थायिक झाल्या आणि १९८३ मध्ये भारतीय नागरिक झाल्या. आपण ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे, आणि या बाई उलट्या दिशेने निघालेल्या!

आमच्या घरी महाराष्ट्र म्हणजे किल्ले, संत आणि पुरणपोळी. आंबेडकरांचे नाव निघे ते राज्यघटनेपुरते. गावच्या विहिरीवर कोण पाणी भरत असे आणि कोणाला मनाई होती, हे आजीने कधी सांगितले नाही. मीही कधी विचारले नाही.

परवा जेवताना कन्येने ते विचारले. आई थोडा वेळ गप्प बसली, मग सावकाश सांगू लागली. पन्नाशीकडे झुकलेला मी ते प्रथमच ऐकत होतो.

मंडळी, फी वसूल झाली.