आकाशातील अदृश्य कण : दक्षिण ध्रुव, पुणे आणि धाराशिवचा पाऊस

१/ धाराशिव जिल्हा पर्जन्यछायेत येतो. पावसाळ्यात आभाळ भरून येते आणि पुष्कळदा न बरसताच सरते. ढग बरसणे वा न बरसणे हे काही अंशी हवेतील सूक्ष्म कणांवर, म्हणजेच एरोसोलवर ठरते. हे कण टिपणाऱ्या प्रकाशझोताचा हा इतिहास.

२/ १९६० साली थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर उजळवला. १९६३ मध्ये अमेरिकेत फिओको आणि स्मलिन यांनी त्याच्या साहाय्याने वरच्या वातावरणाचा वेध घेतला. लेझरचा स्पंद कणांवरून परतायला किती वेळ लागतो, यावरून कणांची उंची कळते. २० किलोमीटरवरून तो सेकंदाच्या सुमारे साडेसात हजाराव्या भागात परततो. हेच लायडार.

३/ १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनचा ऱ्हास जगापुढे आला. पुढच्याच वर्षी सुझन सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी ध्रुवीय स्थितांबरातील ढगांकडे बोट दाखवले. उणे ७८ अंशांखाली बनणाऱ्या या ढगांच्या कणांवर निद्रिस्त क्लोरीन संयुगे जागी होतात आणि वसंतातील सूर्यप्रकाशात ओझोन गिळतात.

४/ हे कण द्रव की घन? गोल थेंबावरून परतणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवण जवळपास तसेच राहते, स्फटिकावरून ते बदलते. ध्रुवीय रात्रीच्या अंधारात हा भेद लायडारने जमिनीवरूनच उलगडला.

५/ त्याच १९८६ साली पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत देवरा आणि अर्नेस्ट राज यांच्या आर्गॉन लेझर लायडारची निरीक्षणे सुरू झाली. हा झोत अखंड होता. त्यामुळे परतीचा वेळ मोजता येत नव्हता. मग ग्राहक दुर्बीण झोतापासून दूर ठेवून कोनावरून उंची काढली गेली.

६/ २०१८ आणि २०१९ मध्ये याच संस्थेने धाराशिवला लागून असलेल्या सोलापूर परिसरात मेघबीजनाचे प्रयोग केले. विमानावरील उपकरणेही थेंबांनी विखुरलेला लेझर प्रकाशच मोजत होती. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : बीजन केलेल्या ढगांच्या वाऱ्याच्या दिशेकडील भागात सुमारे १८ टक्के अधिक पाऊस.

७/ मात्र बीजनाने ढग निर्माण होत नाही. योग्य ढगच नसेल, तर पेरणार कशात? म्हणून आधी आकाश वाचावे लागते. दुष्काळी मुलखासाठी हे वाचन म्हणजे निव्वळ कुतूहल नव्हे. पाण्याच्या प्रत्येक आश्वासनाची ती पहिली कसोटी आहे.