डब्लिन ते कोलंबिया : विद्यार्थ्यांच्या दूरस्थ समुपदेशनाचा इतिहास

ज्या आयर्लंडमध्ये आम्ही मराठी भाषक बौद्ध कुटुंबे स्थिरावलो आहोत आणि जेथे महाराष्ट्रातून नवनवे विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी येत असतात, त्या देशाचा विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याच्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. आंतरजालावरून विद्यार्थ्यांचे समुपदेशन करण्याची एक पद्धत डब्लिनमध्ये घडली आणि तेथून लॅटिन अमेरिकेतील कमी संपन्न देशांपर्यंत पोहोचली. त्या प्रवासातून आपल्या समाजाने काय घ्यावे, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

समोरासमोर न येता दुःख ऐकून घेण्याची प्रथा संगणकाहून जुनी आहे. १९५३ मध्ये लंडन येथे चॅड व्हारा या धर्मगुरूंनी दूरध्वनीवरून खचलेल्या माणसांचे ऐकून घेण्यास आरंभ केला. त्यातून ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली व पुढे आयर्लंडमध्येही आली. या देशात आत्महत्येचा प्रयत्न १९९३ पर्यंत कायद्याने गुन्हा होता, हे लक्षात घेतले म्हणजे नाव न सांगता बोलता येण्याचे मोल कळते. संगणकाच्या जाळ्यावर विद्यार्थ्यांना सल्ला देण्याचा एक अगदी आरंभीचा उपक्रम १९८६ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात सुरू झाला. तेथे विद्यार्थी ‘अंकल एझ्रा’ या नावाने चालणाऱ्या सेवेला आपले प्रश्न निनावी विचारीत आणि उत्तरे सर्वांना वाचता येत.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये डेरेक रिचर्ड्स यांनी हाच धागा पुढे नेला. तेथील विद्यार्थ्यांसाठी चालविलेल्या आंतरजालीय समुपदेशनाविषयीचा त्यांचा लेख २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. समुपदेशकाच्या दारापर्यंत जाण्यास संकोचणारा विद्यार्थी पडद्यासमोर मोकळा होतो, हा त्या कामामागील अनुभव होता. २०१२ मध्ये डब्लिनमध्ये ‘सिल्व्हरक्लाउड’ ही कंपनी स्थापन झाली. आपले विचार व वर्तन यांच्या सवयी तपासून त्या हळूहळू बदलण्याची जी उपचारपद्धती आहे, तिचे पाठ या कंपनीने आंतरजालावर आणले. विद्यार्थी आपल्या सवडीने एकेक पाठ पुरा करतो. दुसऱ्या टोकाला एक प्रशिक्षित मार्गदर्शक त्याचे लेखन वाचून ठरावीक दिवसांनी त्याला उत्तर लिहितो. २०२१ मध्ये ही कंपनी अमेरिकेतील ‘ॲमवेल’ने विकत घेतली.

दरम्यान या प्रश्नाची व्याप्ती जगासमोर आली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वेक्षण-उपक्रमाशी जोडलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८ देशांतील १९ महाविद्यालयांच्या प्रथम वर्षाच्या १३,९८४ विद्यार्थ्यांची पाहणी होती. त्यांपैकी सुमारे ३५ टक्के विद्यार्थ्यांमध्ये आयुष्यात कधी ना कधी एखाद्या मानसिक विकाराची लक्षणे दिसली होती. त्या आठांत उत्तर आयर्लंड होते. मध्यम उत्पन्नाचे देश मात्र दोनच होते, दक्षिण आफ्रिका आणि मेक्सिको. भारत त्यात नव्हता. जेथे विद्यार्थी अधिक आणि समुपदेशक अगदी थोडे, तेथील चित्र अशा रीतीने बरेचसे अंधारातच राहिले.

ट्रिनिटीच्याच संशोधक अलिसिया सालामान्का-सानाब्रिया यांनी रिचर्ड्स आदी सहकाऱ्यांसह हे पाठ कोलंबियातील विद्यार्थ्यांसाठी नव्याने घडविले. नुसते स्पॅनिश भाषांतर करून त्या थांबल्या नाहीत. उदाहरणे, पात्रे, बोलण्याची ढब हे सारे तेथील जीवनाशी जुळते की नाही, हे तपासले गेले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नैराश्याची लक्षणे कमी झाल्याचे दिसले. परंतु अर्ध्यावर सोडून जाणाऱ्यांची संख्याही फार मोठी होती. पुढे कोलंबिया आणि मेक्सिको या दोन देशांतील हजाराहून अधिक विद्यार्थ्यांवर याच आयरिश मंचावरील पाठांची चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. ज्यांच्या पाठीशी मार्गदर्शक होता त्यांना, एकट्याने पाठ वाचणाऱ्यांपेक्षा आणि विद्यापीठाच्या नेहमीच्या सेवेकडे धाडलेल्यांपेक्षा, अधिक लाभ झाला. एकट्याने पाठ वाचणाऱ्यांना नेहमीच्या सेवेहून विशेष लाभ दिसला नाही. या सर्व इतिहासातील आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. यंत्राने अंतर मिटले, तरी बरे वाटण्यासाठी पलीकडे माणूस लागला.

महाराष्ट्रात हे काम वेगळ्या वाटेने आले. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये ‘आयकॉल’ ही सेवा सुरू केली. तिचे समुपदेशक दूरध्वनी व ईमेलवरून मराठीसह अनेक भाषांत बोलतात. कोरोनाकाळात, जुलै २०२० मध्ये, केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी ‘मनोदर्पण’ आणले. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली मानस’ सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक देशभर चालतो आणि तेथे मराठीतही बोलता येते.

तथापि आपल्या समाजाला येथे एक प्रश्न विचारावाच लागेल. ‘या वर्गात मी कोणाला नकोसा आहे’ असे विद्यार्थ्याच्या मनात आले, तर पाठ त्याला तो विचार तपासून पाहावयास सांगतो. पण तो विचार खराच असेल तर? दिल्लीच्या एम्समधील दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या स्थितीची चौकशी सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. २००७ च्या तिच्या अहवालात वसतिगृहातील विभागणीपासून अध्यापकांच्या वागणुकीपर्यंतचा भेदभाव नोंदला आहे. २०१६ मध्ये हैदराबादेत रोहित वेमुला आणि २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेले. त्यानंतर दोघांच्या मातांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडे मागितले ते शिक्षणसंस्थांतील भेदभावाविरुद्धच्या नियमांचे प्रत्यक्ष पालन. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या प्रश्नावर निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. अन्यायाने झालेल्या जखमेला विद्यार्थ्याच्या मनाचा दोष ठरविणारे समुपदेशन, मग ते कितीही आधुनिक साधनाने होवो, अपुरेच राहील. जात म्हणजे काय हे जाणणारा मार्गदर्शक आणि भेदभावाला जाब विचारणारी संस्था, या दोहोंचीही गरज आहे.

बाबासाहेबांनी हे फार पूर्वी ओळखले होते. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने सोलापूर येथे विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले. शाळेत प्रवेश मिळाला तरी मूल राहणार कोठे, जेवणार कोणासोबत आणि रात्री कोणाशी बोलणार, या प्रश्नांचे ते उत्तर होते. वसतिगृहाने निवाऱ्याबरोबर सोबत दिली. बौद्ध परंपरेत अशा सोबतीला कल्याणमित्रता म्हणतात आणि भगवंतांनी ती धम्मजीवनाचा केवळ एक अंश न मानता संपूर्ण धम्मजीवन मानली. कोलंबियातील मार्गदर्शकाने ठरावीक दिवशी लिहिलेल्या चार ओळींत आम्हांस त्याच मैत्रीचे एक रूप दिसते.

येथे शिकावयास येणाऱ्या मुलामुलींकडे भाड्याच्या खोलीची, अर्धवेळ नोकरीची आणि घरी फेडावयाच्या कर्जाची काळजी असते. ‘सगळे ठीक आहे’ असेच ती आईवडिलांना सांगतात. त्यांना आम्ही सांगू इच्छितो की, विद्यापीठाच्या समुपदेशन सेवेकडे जाण्यात कमीपणा नाही. समॅरिटन्सच्या ११६१२३ या क्रमांकावर आयर्लंडमध्ये कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. आणि जी कुटुंबे येथे स्थिरावली आहेत, त्यांनी आठवड्यातून एकदा एका विद्यार्थ्याला मराठीतून फोन करावा, जेवावयास बोलवावे आणि त्याचे म्हणणे मध्ये न तोडता ऐकावे. ज्या समाजाने शंभर वर्षांपूर्वी, हाती फारसे काही नसताना, आपल्या मुलांसाठी वसतिगृह उभारले, त्या समाजाला एवढे अवघड नाही.