हलक्या धातूची कठीण सोयरीक

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि पुढे दल्ली-राजहराच्या खनिजातून निघालेल्या पोलादाचे रूळ देशभर पडले; तेव्हा जड तेवढेच बळकट, असा समज त्या नगरीत रुजला असल्यास नवल नाही. आजच्या त्याच छत्तीसगडात, कोरब्यास, १९७५ पासून ॲल्युमिनियम गाळले जाऊ लागले. त्याची घनता २.७, म्हणजे पोलादाच्या जेमतेम तिसरा हिस्सा. परंतु धातू स्वभावाने मवाळ, घर्षणाने लवकर झिजणारा. त्याच्या मिश्रधातूत सिलिकॉन कार्बाइड वा ॲल्युमिना यांसारख्या सिरॅमिक द्रव्यांचे कण घालून, भाराचा वाटा त्या कणांच्या माथी मारण्याच्या विद्येचे दप्तर उघडले, तर आरंभीच्या पानांवर प्रदीप रोहतगी हे भारतीय नाव ठळकपणे आढळते.

१९६५ च्या सुमारास अमेरिकेत, इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या प्रयोगशाळेत, त्यांनी निकेलचा मुलामा दिलेली ग्रॅफाइटची पूड ॲल्युमिनियमच्या रसात मुरविली. मुलाम्याचा हा खर्चिक खटाटोप अकारण नव्हता. वितळलेले ॲल्युमिनियम असल्या कणांना सहसा भिजवीत नाही, आणि न भिजलेले कण मळीच्या वाटेने बाहेर फेकले जातात. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुरप्पा आणि रोहतगी यांनी ही अडचण ओतकाऱ्याला परवडेल अशा रीतीने सोडविली, आणि त्यांचा यासंबंधीचा निबंध १९८१ साली प्रसिद्ध झाला. या रीतीत ६६० अंशांच्या वर तापलेल्या रसात पाते फिरवून भोवरा उठवायचा, भिजणे साधावे म्हणून थोडे मॅग्नेशियम घालायचे, आणि आधीच भाजून दमटपणा घालविलेले कण त्या भोवऱ्यात वैरायचे. घाई केली की पिठल्यात होतात तशा गुठळ्या होतात, आणि नेमक्या त्याच जागी ओतीव तडकते. या साऱ्या कुळकथेत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा सबुरीचा भाग. महागडी उपकरणे त्यामानाने गौण.

१९८१ सालीच भोपाळला प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली व तिची सूत्रे रोहतगींकडे आली. भोपाळ आणि भिलाई तेव्हा एकाच मध्य प्रदेशच्या अंमलाखाली होती. पुढे मिलवॉकीच्या विद्यापीठात गेल्यावर त्यांनी औष्णिक केंद्रांतील कोळशाची राखही ॲल्युमिनियममध्ये मिसळून पाहिली. कोरब्यासारख्या ठिकाणी ती डोंगरांनी साचते, हे सांगावयास नकोच.

या सोयरिकीची किंमत मात्र कातारी मोजतो. कणांनी कठीण झालेली ओतीव पोलादी हत्यारांची धार पाहता पाहता खाऊन टाकते. म्हणून तिच्यासाठी हिऱ्याची हत्यारे वापरावी लागतात.