मिशिगन : काँग्रेस मतदारसंघ आणि त्यांचे राजकीय कल

मिशिगन : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पंचमहासरोवरांच्या प्रदेशातले एक राज्य. लोकसंख्या १,००,७७,३३१ (२०२०). अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, प्रतिनिधिगृहात या राज्याचे १३ सदस्य बसतात. एकेका मतदारसंघात सुमारे ७ लाख ७५ हजार लोक येतात आणि निवडणूक दर दोन वर्षांनी नोव्हेंबरात होते. २०२२ मध्ये ७ जागा डेमोक्रॅटिक पक्षाला व ६ रिपब्लिकन पक्षाला मिळाल्या. २०२४ मध्ये हा आकडा उलटा झाला. अध्यक्षपदाच्या लढतीत तर मिशिगनचा कौल शेवटपर्यंत कुणाला सांगता येत नाही. २०१६ साली डोनाल्ड ट्रम्प इथे फक्त १०,७०४ मतांनी पुढे होते, २०२० मध्ये जो बायडन १,५४,१८८ मतांनी जिंकले, २०२४ मध्ये ट्रम्प पुन्हा सुमारे ८० हजारांनी. त्याच दिवशी त्याच मतदारांनी सेनेटवर मात्र डेमोक्रॅटिक पक्षाच्या एलिसा स्लॉटकिन यांना सुमारे १९ हजारांच्या मताधिक्याने पाठवले. राज्य असे काठावर असले, तरी त्याचे बहुतेक मतदारसंघ काठावर नाहीत. खरी चुरस तीन-चार ठिकाणीच असते. ती कुठे व्हावी, हे मतदारांइतकेच सीमारेषा आखणाऱ्यांच्याही हातात राहिले आहे.

राज्याचे दोन द्वीपकल्प आहेत. खालचा द्वीपकल्प हातमोज्याच्या आकाराचा असल्यामुळे इथली माणसे आपले गाव कुठे आहे ते उजव्या हाताचा तळवा पुढे करून, त्यावर बोट टेकवून दाखवतात. पूर्वेकडच्या भागाचे नावच ‘थंब’, म्हणजे अंगठा, असे आहे. अंगठ्याच्या बुडाशी डेट्रॉइट आणि त्याची उपनगरे आहेत. राज्याची जवळजवळ निम्मी वस्ती तिथे दाटली आहे आणि तेरापैकी जवळपास निम्मे मतदारसंघ या महानगराला लागून आहेत.

१९६० व १९७०च्या जनगणनांनंतर मिशिगनला १९ जागा होत्या. तेव्हापासून प्रत्येक जनगणनेने एक-दोन जागा काढून घेतल्या. राज्य ओस पडले असे नाही, पण दक्षिणेकडची व पश्चिमेकडची राज्ये झपाट्याने वाढली. डेट्रॉइट शहर मात्र खरोखरच रिते झाले. १९५० मध्ये तिथे साडेअठरा लाख लोक होते, २०२० मध्ये ६ लाख ३९ हजार उरले. जागा घटली की एकाच पक्षाचे दोन विद्यमान सदस्य समोरासमोर येतात. २००२ मध्ये जॉन डिंगेल यांनी लिन रिव्हर्स यांना असे पक्षांतर्गत निवडणुकीत हरवले, २०२२ मध्ये हॅली स्टीव्हन्स यांनी अँडी लेव्हिन यांना.

दर दहा वर्षांनी होणारी मतदारसंघ पुनर्रचना २०१८ पर्यंत राज्याच्या विधिमंडळाच्या हाती होती. २०११ मध्ये विधिमंडळाची दोन्ही सभागृहे आणि राज्यपालपद रिपब्लिकन पक्षाकडे होते, आणि त्या वेळी तयार झालेला नकाशा अमेरिकेतल्या सर्वांत पक्षपाती नकाशांत गणला गेला. त्यातला १४वा मतदारसंघ बोटाने गिरवून पाहण्यासारखा होता. सेंट क्लेअर सरोवराकाठच्या श्रीमंत ग्रोस पॉइंटपासून तो निघे, हॅमट्रॅमिक व डेट्रॉइटच्या वस्त्यांमधून पश्चिमेकडे सरके, साउथफील्डपाशी उत्तरेला वळे, फार्मिंग्टन हिल्स आणि वेस्ट ब्लूमफील्ड घेत शेवटी पाँटिॲकच्या जुन्या मोटारगावापर्यंत जाऊन थांबे. डेमोक्रॅटिक मते मोजक्या मतदारसंघांत ठासून भरायची, म्हणजे आजूबाजूच्या जागा आपसूक रिपब्लिकन होतात, हा त्यामागचा हिशेब होता. तो अचूक ठरला. २०१२ मध्ये बराक ओबामा इथे साडेनऊ टक्क्यांनी जिंकले, प्रतिनिधिगृहासाठीही राज्यभरात डेमोक्रॅटिक उमेदवारांना एकूण मते जास्त पडली, तरी १४ पैकी ९ जागा रिपब्लिकन पक्षाला गेल्या. पुढच्या दोन निवडणुकांतही ९–५ हेच चित्र राहिले. मतदार आपले प्रतिनिधी निवडण्याऐवजी प्रतिनिधी आपले मतदार निवडत होते, आणि हा अन्याय लोकांना उघड दिसत होता.

नोव्हेंबर २०१६ मध्ये केटी फाही या तरुणीने फेसबुकवर लिहिले की तिला मिशिगनमधील जेरीमँडरिंगविरुद्ध, म्हणजे पक्षाच्या सोयीने मतदारसंघांच्या सीमा वाकवण्याविरुद्ध, काहीतरी करायचे आहे, कुणी सोबत येणार असेल तर सांगा. त्यातून ‘व्होटर्स नॉट पॉलिटिशियन्स’ ही संघटना उभी राहिली. तिच्या स्वयंसेवकांनी चार लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या आणि २०१८ साली राज्यघटना दुरुस्तीचा प्रस्ताव सुमारे ६१ टक्के मतांनी मंजूर झाला. त्यानुसार पुनर्रचना १३ नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाकडे आली. चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन आणि पाच कोणत्याच पक्षाशी न बांधलेले सदस्य अर्जदारांतून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडले जातात. अलीकडे निवडणूक लढवलेला उमेदवार वा पक्षाचा पदाधिकारी यात बसू शकत नाही. नकाशा संमत होण्यासाठी बहुमताबरोबरच तिन्ही गटांतील किमान दोघा-दोघांचा होकार लागतो. आयोगाने जनसुनावण्या घेतल्या आणि २८ डिसेंबर २०२१ रोजी सध्याचा नकाशा स्वीकारला. कोणत्याही पक्षाला झुकते माप नसावे, ही अट आता राज्यघटनेतच आहे. २०२२ व २०२४ या दोन्ही निवडणुकांत जागांचे प्रमाण मतांच्या प्रमाणाजवळ राहिले. मिशिगनच्या लोकशाहीत गेल्या पन्नास वर्षांत याहून मोलाचे काम झालेले नाही, असे म्हणायला हरकत नसावी.

त्याची किंमत डेट्रॉइटने मोजली. जुन्या नकाशात कृष्णवर्णीयांचे बहुमत असलेले दोन मतदारसंघ होते. नव्या १२व्या व १३व्या मतदारसंघांत ते प्रमाण निम्म्याखाली आले, कारण आयोगाने शहराचे तुकडे उपनगरांशी जोडले. चार्ल्स डिग्ज १९५५ मध्ये प्रतिनिधिगृहात गेले तेव्हापासून डेट्रॉइटचा निदान एक तरी कृष्णवर्णीय सदस्य तिथे होताच. जॉन कॉनियर्स तर १९६५ पासून २०१७ पर्यंत होते. जानेवारी २०२३ मध्ये ब्रेंडा लॉरेन्स निवृत्त झाल्या आणि ही परंपरा तुटली.

ज्या जागेवर ती तुटली, तिथे निवडून आलेला माणूस मराठी वाचकांच्या ओळखीचा आहे. श्री ठाणेदार यांचा जन्म चिकोडीचा, बालपण बेळगावचे. १९७९ साली ते अमेरिकेत गेले, ॲक्रन विद्यापीठातून रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेतली, व्यवसायात पैसा मिळवला, गमावला आणि पुन्हा उभा केला. ‘ही ‘श्री’ची इच्छा’ हे त्यांचे आत्मचरित्र महाराष्ट्रात घरोघरी वाचले गेले. २०१८ मध्ये राज्यपालपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवारी मागताना ते तिसरे आले, २०२० मध्ये डेट्रॉइटमधून राज्याच्या विधिमंडळात गेले आणि २०२२ मध्ये १३व्या मतदारसंघातून काँग्रेसमध्ये. इथे डेमोक्रॅटिक पक्ष इतका भक्कम आहे की खरी निवडणूक ऑगस्टमधली पक्षांतर्गतच. तीत नऊ उमेदवार होते, कृष्णवर्णीय मते विभागली गेली, ठाणेदारांनी पदरचे लाखो डॉलर ओतले आणि सुमारे २८ टक्के मतांवर बाजी मारली. नोव्हेंबरात त्यांना ७० टक्क्यांच्या आसपास मते पडली. २०२४ मध्येही ते सहज परतले. भारतीय मतांच्या जोरावर ते जिंकतात हा आपल्याकडचा समज चुकीचा आहे. डेट्रॉइट परिसरातील भारतीय कुटुंबे प्रामुख्याने ट्रॉय, नोव्हाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स अशा उपनगरांत आहेत आणि ती उपनगरे दुसऱ्या मतदारसंघांत मोडतात. ठाणेदारांचा मतदार डेट्रॉइटमधला कृष्णवर्णीय कामगार आणि निवृत्तिवेतनधारक आहे.

शेजारचा १२वा मतदारसंघ रशिदा तलैब यांचा. पॅलेस्टिनी वंशाच्या तलैब २०१८ मध्ये निवडून आल्या. काँग्रेसमध्ये गेलेल्या पहिल्या दोन मुस्लिम स्त्रियांपैकी त्या एक. फोर्डचे मुख्यालय आणि रूज नदीकाठचा अवाढव्य कारखाना असलेले डिअरबॉर्न याच मतदारसंघात आहे. आज या शहरात बहुसंख्य लोक अरब वंशाचे आहेत. गाझातील युद्धाच्या निषेधार्थ फेब्रुवारी २०२४च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत (अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्याच्या पक्षांतर्गत निवडणुकीत) राज्यातल्या एक लाखाहून अधिक मतदारांनी ‘अनकमिटेड’, म्हणजे कोणाच्याच बाजूने नाही, या पर्यायावर खूण केली. नोव्हेंबरात डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प पहिले आले, कमला हॅरिस दुसऱ्या. चार वर्षांपूर्वी इथे बायडन यांना मोठे मताधिक्य होते. त्याच मतपत्रिकेवर तलैब यांना मात्र शहराने भरभरून मते दिली. हा मतदार पक्षावर रुसला होता, आपल्या प्रतिनिधीवर नाही.

डेट्रॉइटच्या उत्तर सीमेवर एट माइल रोड आहे. तो ओलांडला की मकोम काउंटी लागते. तिचा दक्षिण भाग आणि ओकलँड काउंटीतील रॉचेस्टर हिल्स मिळून १०वा मतदारसंघ होतो. अमेरिकेतल्या गोऱ्या कामगारवर्गाचे राजकारण समजून घ्यायचे तर वॉरन आणि स्टर्लिंग हाइट्स या दोन गावांपासून सुरुवात करावी. मोटार कारखान्यांत पाळ्या करणारी, युनियनची वर्गणी नियमाने भरणारी ही वस्ती १९६० मध्ये जॉन केनेडींच्या मागे एकदिलाने उभी होती. वर्णविभाजन मोडण्यासाठी डेट्रॉइटची आणि उपनगरांची मुले बसने एकमेकांच्या शाळांत नेण्याचा प्रश्न पेटला, तेव्हा, म्हणजे १९७२ मध्ये, मिशिगनची डेमोक्रॅटिक प्रायमरी वर्णविभाजनवादी जॉर्ज वॉलेस यांनी जिंकली, आणि मकोमने त्यांना भरघोस साथ दिली. १९८४ मध्ये हीच काउंटी जवळजवळ दोन तृतीयांश मतांनी रोनाल्ड रेगन यांच्याकडे गेली. १९८५ मध्ये जनमताचे अभ्यासक स्टॅनली ग्रीनबर्ग यांनी इथल्या मतदारांशी बोलून जो अभ्यास केला, त्यामुळे ‘रेगन डेमोक्रॅट’, म्हणजे रेगन यांच्याकडे वळलेला डेमोक्रॅट मतदार, हा शब्द घराघरांत पोचला. वांशिक कडवटपणा त्या नाराजीत होताच, पण रोजगाराची भीतीही खरी होती. मकोमचेच डेव्हिड बोनियर डेमोक्रॅटिक पक्षाचे प्रतोद असतानाही बिल क्लिंटन यांच्या नाफ्टा या उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराविरुद्ध उभे राहिले होते, ते आपल्या मतदारांचे ऐकून. ओबामांना दोनदा, नंतर ट्रम्प यांना तीनदा या काउंटीने साथ दिली. २०२२ मध्ये १०व्या मतदारसंघात रिपब्लिकन जॉन जेम्स यांनी माजी न्यायाधीश कार्ल मार्लिंगा यांच्यावर सुमारे १,६०० मतांनी निसटता विजय मिळवला. डेमोक्रॅटिक पक्षश्रेष्ठींनी ही जागा गेलेलीच धरून तिथे फारसा पैसा लावला नव्हता. २०२४च्या फेरलढतीत जेम्स सुमारे सहा टक्क्यांनी पुढे राहिले. मिशिगनच्या शिष्टमंडळातला आजचा एकमेव कृष्णवर्णीय सदस्य हाच, मकोमचा रिपब्लिकन.

पश्चिमेला ग्रँड रॅपिड्स. डच वंशाचे, चर्चनिष्ठ, फर्निचरच्या कारखान्यांवर वाढलेले हे शहर पिढ्यान् पिढ्या रिपब्लिकन होते. जेराल्ड फोर्ड १९४९ ते १९७३ इथले सदस्य होते. ते उपाध्यक्ष झाल्यावर वॉटरगेटच्या वातावरणात १९७४ मध्ये झालेली पोटनिवडणूक डेमोक्रॅट रिचर्ड व्हँडर व्हीन यांनी जिंकली, तेव्हा देशभर खळबळ माजली. पण ती जागा लवकरच परत गेली. पुढे इथले रिपब्लिकन सदस्य जस्टिन अमाश यांनी २०१९ मध्ये ट्रम्प यांच्याशी बिनसल्यावर पक्ष सोडला. त्यांच्यानंतर आलेले पीटर मायर हे जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाला पाठिंबा देणाऱ्या दहा रिपब्लिकन सदस्यांत होते. २०२२च्या पक्षांतर्गत निवडणुकीत ट्रम्पसमर्थक जॉन गिब्ज यांनी त्यांना पाडले. गिब्ज पुढे यावेत म्हणून खुद्द डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रचार समितीने चार लाखांहून अधिक डॉलर जाहिरातींवर खर्चले. ही चाल फळली आणि ३ऱ्या मतदारसंघात हिलरी स्कोल्टन मोठ्या फरकाने विजयी झाल्या. तरी लोकशाहीसाठी स्वतःच्या पक्षाशी झगडलेल्या माणसाला असे पाडणे अश्लाघ्य होते. स्कोल्टन यांचा विजय मात्र केवळ त्या चालीचा नाही. केंट काउंटी २०१६ मध्ये ट्रम्प यांची होती, २०२० मध्ये बायडन यांची झाली. शहर वाढले, शिकलेले तरुण आले, कल बदलला.

राजधानी लॅन्सिंगभोवतीचा ७वा आणि फ्लिंट–सॅगिनॉ–बे सिटीचा ८वा हे दोन सर्वांत अटीतटीचे मतदारसंघ. ७वा मतदारसंघ स्लॉटकिन सेनेटसाठी सोडून गेल्या आणि २०२२ मध्ये त्यांच्याकडून हरलेले टॉम बॅरेट यांनी २०२४ मध्ये तो खेचून घेतला. राज्यातली पक्षबदल झालेली तेव्हाची हीच एक जागा. ८व्यात १९७७ पासून आधी डेल किल्डी, मग त्यांचे पुतणे डॅन किल्डी होते. डॅन किल्डी निवृत्त झाल्यावर ट्रम्प या मतदारसंघात पुढे असतानाही क्रिस्टन मॅकडोनल्ड रिव्हे यांनी तो डेमोक्रॅटिक पक्षाकडे राखला. ट्रम्प यांना मत देऊन खाली डेमोक्रॅट उमेदवारावर खूण करणारा मतदार अमेरिकेत दुर्मीळ होत चालला आहे, तो इथे अजून आहे.

ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावाचा ६वा मतदारसंघ डेबी डिंगेल यांचा. सासरे जॉन डिंगेल थोरले १९३२ मध्ये निवडून आले, पती १९५५ पासून २०१५ पर्यंत होते, आणि तेव्हापासून त्या आहेत. ओकलँडच्या ११व्या मतदारसंघात २०२२ व २०२४ मध्ये स्टीव्हन्स निर्धास्त होत्या. २ऱ्यात जॉन मूलेनार, ४थ्यात बिल हायझेंगा, थंबसह ९व्यात लिसा मॅक्लेन आणि इंडियाना–ओहायोच्या सीमेलगतच्या ५व्यात टिम वॉलबर्ग हे सारे रिपब्लिकन. त्यांच्यापैकी हायझेंगा यांनाच थोडीफार चुरस असते, कारण त्यांच्या मतदारसंघात कॅलमझू हे विद्यापीठाचे गाव आहे. ५व्या मतदारसंघातल्या जॅक्सन गावी ६ जुलै १८५४ रोजी ओक वृक्षांच्या राईत गुलामगिरीविरोधकांचे अधिवेशन भरले आणि तिथे रिपब्लिकन पक्षाने पहिली उमेदवार यादी उभी केली.

१ला मतदारसंघ आकाराने अवाढव्य आहे. मॅकिनॉ पुलापलीकडचा संपूर्ण वरचा द्वीपकल्प आणि खालच्या द्वीपकल्पाचा उत्तर भाग त्यात येतो. तांब्याच्या व लोखंडाच्या खाणींत राबलेल्या फिनिश, इटालियन, कॉर्निश कुटुंबांमुळे हा एके काळी युनियनचा गड होता. माजी पोलीस बार्ट स्टुपक इथून १९९३ ते २०११ डेमोक्रॅटिक पक्षाचे सदस्य होते. ते गर्भपाताला विरोध करत आणि बंदुकीच्या हक्काची बाजू घेत. २०१० मध्ये आरोग्यविम्याच्या कायद्यावर त्यांनी शेवटच्या क्षणी होकार दिला आणि त्याच वर्षी निवृत्ती जाहीर केली. तेव्हापासून जागा रिपब्लिकन आहे; सध्या जॅक बर्गमन यांच्याकडे. बहुतेक खाणी बंद पडल्या, तरुण निघून गेले, युनियनची सभासदसंख्या आटली, आणि श्रद्धा व शिकार यांवर मत ठरू लागले. विद्यापीठ असलेली मार्क्वेट काउंटी मात्र अजून डेमोक्रॅटिक पक्षाला मत देते, आणि सरोवराकाठी निवृत्तांची नवी घरे उठलेली लीलनॉ काउंटी २०१६ मध्ये ट्रम्प यांच्याकडे होती, ती २०२० व २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली.