नियमपुस्तिका आणि पंचाची शिट्टी
(बास्केटबॉलच्या इतिहासातील काही बोधप्रद प्रकरणे)

कायदा जुना झाला म्हणजे त्याचे काय करायचे, हा प्रश्न केवळ न्यायालये आणि विधिमंडळे यांच्यापुरता नाही. शाळेच्या मैदानावर गळ्यात शिट्टी अडकवून उभ्या राहणाऱ्या पंचालाही तो पडतो. या दृष्टीने बास्केटबॉलचा इतिहास अभ्यासण्यासारखा आहे. बहुतेक खेळ आधी लोकांत रुळले आणि मागाहून त्यांचे नियम लिहिले गेले. बास्केटबॉलचे मात्र उलट झाले. येथे नियम आधी आले आणि खेळ नंतर सुरू झाला.

डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण संस्थेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंद सभागृहात खेळता यावा म्हणून हा खेळ योजला. त्याने अवघे तेरा नियम लिहिले, सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या आणि नऊ-नऊ विद्यार्थ्यांचे दोन संघ केले. या तेरा नियमांत एक गोष्ट मोठी मार्मिक आहे. नेस्मिथने एकाऐवजी दोन पंच नेमले. एकाने माणसांकडे पाहायचे, म्हणजे कोण धक्का देतो, कोण धरतो हे टिपायचे. दुसऱ्याने चेंडूकडे पाहायचे. खेळ शिस्तीत राहायचा तर लिहिलेला नियम पुरेसा नाही, तो पाहणारा डोळाही हवा, हे त्याने पहिल्याच दिवशी ओळखले होते.

या तेरा नियमांपैकी काही लवकरच अडचणीचे ठरले. सीमेबाहेर गेलेला चेंडू जो प्रथम हस्तगत करील त्यानेच तो आत फेकावा, असा मूळ नियम होता. परिणामी चेंडू बाहेर जाताच दोन्ही संघ प्रेक्षकांत घुसत आणि झोंबाझोंबी सुरू होई. उपाय म्हणून काही ठिकाणी मैदानाभोवती चक्क जाळीचा पिंजरा उभारला गेला. पुढे १९१३ साली नियमच बदलला: ज्याचा हात चेंडूला शेवटी लागला, त्याच्या विरुद्ध संघाला चेंडू मिळू लागला. पिंजऱ्याने जे साधले नाही ते दोन ओळींच्या दुरुस्तीने साधले. तीच गोष्ट प्रत्येक गोलनंतर मध्यभागी चेंडू उडवण्याच्या प्रथेची. तिच्यामुळे खेळ सारखा खंडित होई आणि ज्याच्याकडे उंच खेळाडू त्याच्याकडे चेंडू, असा प्रकार होई. अमेरिकेत १९३७ साली ती बंद झाली.

परंतु सर्वच नियम इतक्या लवकर सुटले नाहीत. मुलींच्या बास्केटबॉलचे उदाहरण पाहा. स्मिथ कॉलेजमध्ये सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने १८९३ साली विद्यार्थिनींचा सामना भरवला. त्या काळी मुलींनी धावपळीचे खेळ खेळणेच अनेकांना अनुचित वाटे. तेव्हा खेळ निदान सुरू तरी व्हावा म्हणून बेरेन्सनबाईंनी मैदानाचे तीन भाग केले, प्रत्येकीने आपल्याच भागात राहायचे असे ठरवले आणि दुसरीच्या हातातील चेंडू हिसकावण्यास मनाई केली. त्या परिस्थितीत हा नियम मुलींसाठी दार उघडणारा होता. पण परिस्थिती बदलली तरी नियम राहिला. तीन भागांचे दोन झाले आणि सहा मुलींच्या संघात तिघींनी केवळ गोल करायचे व तिघींनी केवळ बचाव करायचा, अशी विभागणी कायम झाली. मधली रेषा ओलांडली की पंचाची शिट्टी वाजलीच म्हणून समजा.

अमेरिकेतील महाविद्यालयीन मुलींचा खेळ १९७१ मध्ये पाच जणींचा व पूर्ण मैदानाचा झाला. पुढच्याच वर्षी शिक्षणात स्त्री-पुरुष भेद करण्यास मनाई करणारा कायदा तेथे झाला आणि खेळाच्या शिष्यवृत्त्यांची वाट मुलींनाही मोकळी होऊ लागली. तरीही आयोवा राज्याच्या शाळांत सहा जणींचा खेळ १९९३ पर्यंत आणि ओक्लाहोमात १९९५ पर्यंत चालला. बचाव करणारी मुलगी शालेय सामन्यांत एकदाही टोपलीकडे चेंडू टाकू शकत नसे. मग महाविद्यालयाच्या संघात तिला कोण घेणार? यात पंचांचा दोष नव्हता. त्यांनी रेषा प्रामाणिकपणे राखली. पण प्रामाणिकपणे राखलेली जुनी रेषासुद्धा कोणाची तरी वाट अडवू शकते.

दुसरे प्रकरण ‘डंक’चे, म्हणजे उंच उडी घेऊन चेंडू वरून कड्यात कोंबण्याचे. १९६६-६७ च्या हंगामात लॉस एंजेलिसच्या यू.सी.एल.ए. विद्यापीठाने एकही सामना न गमावता महाविद्यालयीन अजिंक्यपद मिळवले. त्या संघात ल्यू अल्सिंडर हा सात फुटांहून उंच कृष्णवर्णीय तरुण होता. त्याने पुढे इस्लाम स्वीकारला आणि करीम अब्दुल जब्बार या नावाने तो जगाला माहीत झाला. हंगाम संपताच नियम समितीने डंकवर बंदी घातली. दुखापती होतात, कडे मोडते, अशी कारणे सांगण्यात आली. पण हा नियम कृष्णवर्णीय खेळाडूंना आवर घालण्यासाठीच आहे, असे अनेकांना वाटले आणि स्वतः करीमनेही तसे म्हटले आहे. त्याने तक्रार करीत बसण्याऐवजी डोक्यावरून वळवून टाकायच्या ‘हुक’ फटक्यावर मेहनत घेतली. त्याच्या संघाने पुढील दोन्ही वर्षे अजिंक्यपद राखले. व्यावसायिक खेळात त्याने केलेला ३८,३८७ गुणांचा विक्रम २०२३ पर्यंत अबाधित होता.

या बंदीचा अंमल पंचांनी किती काटेकोरपणे केला, हे १९७५ च्या एका सामन्यावरून दिसते. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाचा डेव्हिड थॉम्पसन हा त्या काळचा सर्वांत उंच उड्या घेणारा खेळाडू. कड्याच्या वर फेकलेला चेंडू हवेतच झेलून तो अलगद आत सोडी, कारण तो कोंबण्यास मनाई होती. घरच्या मैदानावरील आपल्या अखेरच्या महाविद्यालयीन सामन्यात त्याने न राहवून डंक मारला. प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पंचाने टेक्निकल फाऊल दिला आणि गोल रद्द केला. पुढच्याच वर्षी, १९७६-७७ च्या हंगामापासून, बंदी उठली. त्या पंचाला कठोर म्हणावेसे वाटेल. पण त्याने थॉम्पसनची कीर्ती पाहून डोळेझाक केली असती, तर आदल्या दिवशी दंड सोसलेल्या एखाद्या अनोळखी खेळाडूला त्याने काय उत्तर दिले असते?

नियम आणि अंमल यांची फारकत झाली म्हणजे काय होते, याचा धडा १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात मिळाला. तीन सेकंद उरले असताना अमेरिकेच्या डग कॉलिन्सने दोन फ्री थ्रो यशस्वी करून आपल्या संघाला ५०-४९ अशी आघाडी मिळवून दिली. तेव्हाच्या नियमांनुसार टाइम-आउट पहिल्या फ्री थ्रोपूर्वी किंवा दोहोंच्या मध्ये मिळे. दुसरा यशस्वी झाल्यावर मिळत नसे. आपण वेळेत मागणी केली होती, असा सोव्हिएत प्रशिक्षकांचा दावा होता. गोंधळात खेळ थांबला तेव्हा एक सेकंद उरला होता. इतक्यात आंतरराष्ट्रीय महासंघाचे सचिव विल्यम जोन्स प्रेक्षागारातून खाली आले आणि घड्याळ पुन्हा तीन सेकंदांवर न्या, असे त्यांनी फर्मावले. सामन्यात हस्तक्षेप करण्याचा अधिकार नियमांनी त्यांना दिलेला नव्हता. घड्याळ नीट लावण्याआधीच खेळ सुरू झाल्याने तीन सेकंद आणखी एकदा द्यावे लागले आणि त्यांत अलेक्झांडर बेलोव्हने गोल केला: ५१-५०. ब्राझीलचे पंच रेनातो रिघेत्तो यांनी गुणपत्रकावर सही करण्यास नकार दिला. अपील समितीने तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल कायम केला. अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदके कधीच स्वीकारली नाहीत. आज शेवटचा फ्री थ्रो यशस्वी झाल्यावरही टाइम-आउट मिळू शकतो. ही तरतूद तेव्हा असती तर वादाचे मूळच उरले नसते.

आता आजच्या खेळाकडे वळू. चेंडू हातात घेऊन किती पावले टाकावीत, यावर नेस्मिथपासून वाद आहे. अमेरिकेतील व्यावसायिक पंच कित्येक वर्षे पुस्तकापेक्षा अधिक सूट देत. अखेर २००९ साली तेथील संघटनेने दोन पावलांची मुभा स्पष्ट शब्दांत लिहिली. २०१७ साली आंतरराष्ट्रीय नियमही बदलला: धावताना चेंडू ताब्यात येतो त्या क्षणी जमिनीवर असलेला पाय आता मोजत नाहीत. टप्पे मारताना चेंडू तळव्यावर विसावू देण्यास मात्र पुस्तकात अजून बंदी आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा शिट्टी वाजत नाही आणि मधूनच एखाद्या दिवशी वाजते.

हा अखेरचा प्रकार सर्वांत घातक आहे. नियम सरसकट लागू असला तर खेळाडू त्याच्याशी जुळवून घेतो, जसे करीमने घेतले. तो उघडपणे बदलला तर सर्वांना सारखेच कळते. पण जो नियम पुस्तकात आहे, मैदानावर नाही आणि तरीही केव्हा उगारला जाईल याचा भरवसा नाही, त्याचा फटका नवख्या व दुबळ्या खेळाडूलाच बसतो. नामवंताला सवलत मिळते आणि लहान गावच्या शाळेतून आलेल्या मुलाला शिट्टी.

मुंबईच्या नागपाड्यातही हा खेळ चांगला रुजला. १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसीर तेथलेच. अशा मैदानांवर रोज संध्याकाळी खेळणाऱ्या मुलांना नियमांची सर्व पुस्तके वाचायला मिळतात असे नाही. त्यांना नियम कळतो तो पंचाच्या शिट्टीतून. म्हणून जुना झालेला नियम बदलण्याची मागणी योग्य त्या समितीकडे जरूर करावी, पण तो बदलेपर्यंत शिट्टी सर्वांसाठी सारखीच वाजली पाहिजे. आपल्या शाळांतील क्रीडाशिक्षकांनी आणि होतकरू पंचांनी या इतिहासातून एवढे घेतले तरी पुष्कळ झाले.