वाकड्या लाकडाचा भाव

रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दल लिहिलं आहे. ते वाचताना रानापेक्षा घरामागचं परसच डोळ्यांपुढे अधिक येतं. ग्रंथ १७१५च्या सुमाराचा. राज्यातल्या रानातला साग हुजूरच्या परवानगीनं तोडावा, कमी पडेल ते लाकूड परमुलखातून विकत आणावं, असं अमात्य सांगतात. आंबा-फणसही जहाजाच्या उपयोगाचे, पण त्यांना हात लावू नये. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड फारच जुनं होऊन कामातून गेलं असेल, तर मालकाला राजी करावं, त्याला पैसे द्यावेत आणि मगच ते तोडावं. जबरदस्ती मुळीच नको.

लाकडाची किंमत ठरवताना उभ्या झाडाची फळं आणि ते वाढवणाऱ्याचे कष्ट आधी मोजायचे, हा हिशेब तीनशे वर्षांनंतरही खराच वाटतो.

पण गलबत बांधणाऱ्याला परसातलं झाड हवंच का असे? रानात दाटीनं वाढलेला साग उजेडासाठी सरळ वर चढतो, त्याच्या फळ्या उत्तम निघतात. मोकळ्यावरचं झाड मात्र चहूबाजूंनी पसरतं, खालूनच फांदाळतं, बाक घेतं. होडीच्या बरगड्यांना नेमका हाच बाक लागतो. सरळ तुळईतून वाकडा तुकडा कापून काढला, तर लाकडाचे तंतू मध्येच तुटतात आणि ताण आला की ते तिथंच फुटतं. नैसर्गिक बाकात तंतू वळणाबरोबर वळलेले असतात. म्हणून होडी बांधणारा सुतार झाड उभं असतानाच त्याच्यात पुढची बरगडी बघत असे.

देशावर हेच बाभळीचं. बांधावरची बाभूळ क्वचितच सरळ वाढते, पण लाकडी नांगराला बुंधा आणि फांदी यांच्यातला तो कोनच हवा असे. जड, चिवट, घासाला दाद न देणारं हे लाकूड बैलगाडीच्या चाकांनाही लागे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला. पुढे लोखंडी नांगर गावोगाव पोचले, तसं वाकड्या बाभळीचं एक पिढीजात गिऱ्हाईक हळूहळू कमी होत गेलं. लाकडी चाकांच्या जागी टायर आले, तेव्हा दुसरंही.

सरळ ओंडक्याचा बाजार वेगळ्या वाटेनं वाढला. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्यानं मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजं बांधली. त्यातलं १८१७चं ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. ओकमधल्या आम्लानं लोखंडी खिळे गंजतात, सागातल्या तेलामुळे ते टिकतात. सागाची थोरवी अशा बारीक गोष्टीतही आहे. त्याच १७३६ साली इंग्लंडात एडवर्ड हॉपस यांनी लाकूड मोजण्याची कोष्टकं छापली. घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीनं गुणायचं. चार फूट घेराचा, आठ फूट लांबीचा ओंडका या हिशेबानं आठ घनफूट भरतो. प्रत्यक्षात त्यात दहाहून थोडं जास्त लाकूड असतं. उरलेलं साल आणि कडेच्या फळ्यांत जाणार, असं गृहीत धरलेलं आहे. ही रीत आपल्याकडच्या लाकूडबाजारातही रुजली. तिच्यात बाकाला किंमत नाही, गाठीला नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झाडाच्या पूर्वायुष्याला नाही.

परसातल्या झाडाला पूर्वायुष्य असतंच. कपडे वाळत घालायची तार, झोपाळ्याची कडी, कुणी तरी ठोकलेला खिळा झाड हळूहळू गिळून टाकतं. करवतीचे दात तिथंच जातात, म्हणून अनेक गिरण्या घराजवळचा ओंडका घ्यायला कचरतात. मात्र बुंध्याच्या कापलेल्या तोंडावर निळसर-काळा डाग दिसला, तर आत लोखंड असण्याची शक्यता धरावी. लाकडातलं टॅनिन लोखंडाशी मिळून हा रंग धरतं. डाग जिथं संपतो त्याच्या पलीकडचं लाकूड बहुधा निर्धोक असतं, आणि एवढ्या पारखीनं पुष्कळ ओंडके जळणातून वाचू शकतात.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळानं रायगडच्या किनाऱ्यावरच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हा परसातल्या लाकडाचा हा प्रश्न घराघरापुढे आला. उभं झाड तोडण्यावर कायद्याचा लगाम आहे. १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत सागाबरोबर आंबा, फणस, चिंच, जांभूळही आहेत. वाऱ्यानं पाडलेल्या झाडाचं काय करायचं, हे मात्र लाकूड ओळखूनच ठरतं. फणसाचा पिवळा गाभा वाळवीला पुरून उरतो, वर्षं जातील तसा तांबूस होतो. दारं-चौकटींना तो चालतो, दक्षिणेत वीणा आणि मृदंगही त्याचेच. आंब्याला थांबायला वेळ नसतो. पावसात पडून राहिला की बुरशी आणि भुंगेरे आत शिरतात. तो आठवड्यांतच चिरावा, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून सावलीत वारा खेळेल अशा रचाव्यात, टोकांना रंग किंवा मेण लावावं म्हणजे तडे कमी जातात. इंचभर जाडीला साधारण वर्षभर वाळू द्यावं, हा सुतारांचा ढोबळ हिशेब फणसालाही लागू पडतो.